तिसऱ्या गणात दर वेळी अवक्षेप येतोच: द्रावणातला धातू ओळखताना उत्तर कुठे बिघडतं?

द्रावणातले धातू ओळखताना रसायनं ठरलेल्या क्रमाने घालून धातूंचा एकेक गट अवक्षेप म्हणून, म्हणजे न विरघळणारा गाळ म्हणून, खाली बसवतात. या गटांना गण म्हणतात: पहिल्याला हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्याला आम्लात हायड्रोजन सल्फाइड, तिसऱ्याला अमोनिया, चौथ्याला अमोनियात हायड्रोजन सल्फाइड, पाचव्याला अमोनिअम कार्बोनेट. तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. नमुना कोणताही असो, तिसऱ्या गणात पांढरं काहीतरी दिसतंच. मग ॲल्युमिनिअम लिहिलं जातं आणि उत्तर चुकतं. कधी हीच तक्रार उलटी येते. लोह आहे हे द्रावणाच्या रंगावरून कळत असतं, पण तिसऱ्या गणात ते पुरतं खाली बसत नाही. चौथ्या गणात काळा अवक्षेप आला की तो निकेल किंवा कोबाल्टच्या नावावर जातो.

या दोन चुका वेगळ्या दिसतात, मूळ मात्र एकच आहे. आपण एका आयनाची चाचणी घेतो, पण त्या क्षणी नळीत जे जे आहे ते सगळं उत्तर देत असतं. आधीच्या पायरीतून काय उरलंय, द्रावण किती आम्ल आहे, लोह फेरस (Fe²⁺) आहे की फेरिक (Fe³⁺), अमोनियाच्या बाटलीने हवेतून काय ओढून घेतलंय, या सगळ्याचा अवक्षेपात वाटा असतो. म्हणून उत्तर पटलं नाही तर तीच चाचणी पुन्हा करत बसू नका. एक पायरी मागे जा. बिघाड जवळजवळ नेहमी तिथेच सापडतो.

आधी दोन जास्तीच्या नळ्या

कुठलीही शंका आली की नमुन्याच्या नळीशेजारी आणखी दोन नळ्या ठेवा. एक कोरी: तीत फक्त ऊर्ध्वपातित पाणी, आणि नमुन्यात जी रसायनं ज्या क्रमाने घातली तीच त्याच प्रमाणात. दुसरी ओळखीची: तीत ज्या आयनाचा संशय आहे त्याचं माहीत असलेलं द्रावण.

कोऱ्या नळीत गढूळपणा आला तर दोष पाण्यात, काचेत किंवा बाटलीत आहे. ओळखीच्या नळीतही काही घडलं नाही तर रसायन मेलंय किंवा पद्धत चुकतेय. कोरी स्वच्छ आणि ओळखीची बरोबर असेल, तरच नमुन्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा. यात पाच मिनिटं जातात म्हणून बहुतेक जण हे टाळतात, आणि नंतर तासभर भलत्याच आयनामागे धावतात. नळाच्या पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि क्लोराइड असतंच. नळ्या त्याने धुऊन शेवटचं ऊर्ध्वपातित पाणी फिरवलं नाही, तर सिल्व्हर नायट्रेट घालताच येणारी दुधट छटा नळाची असते, नमुन्याची नव्हे.

तिसरा गण: खरा गोंधळ इथेच

या गणात लोह, ॲल्युमिनिअम आणि क्रोमिअम हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायचे असतात. मॅंगनीज, मॅग्नेशिअम, जस्त वगैरे वरच राहायला हवेत. हे सगळं हायड्रॉक्साइड आयनांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ०.१ मोलर अमोनियाच्या नुसत्या द्रावणाचा सामू (pH) ११ च्या आसपास असतो. त्यातच १ मोलर अमोनिअम क्लोराइड असेल तर समाईक आयनाच्या परिणामामुळे अमोनियाचं आयनीभवन मागे रेटलं जातं आणि सामू साधारण ८.३ वर येतो. फरक तीन एककांपेक्षा कमी वाटतो, पण हायड्रॉक्साइडचं प्रमाण त्यामुळे शेकडो पटींनी घटतं. फेरिक हायड्रॉक्साइड तर सामू २ ते ३ असतानाच बसू लागतं आणि ॲल्युमिनिअमला ४ च्या आसपास पुरतो, त्यामुळे त्या दोघांना ८.३ भरपूर झालं. ०.१ मोलर मॅग्नेशिअमला मात्र जवळपास ९ लागतो. ही फट अरुंद आहे आणि अमोनिअम क्लोराइडचं सगळं काम ती सांभाळण्याचं आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं? अमोनिअम क्लोराइड चिमूटभर घातलं जातं, किंवा आधी अमोनिअम हायड्रॉक्साइड (म्हणजे पाण्यात विरघळलेला अमोनिया) पडतं आणि मग आठवण आल्यावर क्लोराइड. दोन्ही वेळा मॅग्नेशिअम पांढरं होऊन खाली येतं. घन अमोनिअम क्लोराइड आधी, आणि सढळ हाताने. ते विरघळल्यावर अमोनिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, नळी हलवल्यावर अमोनियाचा वास टिकेपर्यंत. त्यानंतर बाटली खाली ठेवा. अमोनिया फार झाला तर ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचाही थोडा भाग विरघळतो, आणि थोडंसंच ॲल्युमिनिअम असलेला नमुना रिकामा दिसू लागतो.

अवक्षेप आलाच असेल तर लगेच ॲल्युमिनिअम लिहू नका. तो गाळून, धुऊन तीन नळ्यांत वाटा. एकीत घन अमोनिअम क्लोराइड घालून किंचित गरम करा. विरघळला तर तो मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड होता, आणि चूक क्लोराइड कमी पडण्याची होती. दुसरीत विरल सोडिअम हायड्रॉक्साइड घाला; ॲल्युमिनिअम विरघळेल, मॅग्नेशिअम नाही. विरघळलेल्या द्रावणात भरपूर घन अमोनिअम क्लोराइड टाकून गरम केल्यावर ॲल्युमिनिअमचा जेलीसारखा अवक्षेप परत येतो. जस्त असेल तर तो परत येत नाही, कारण अमोनियासोबत जस्ताचं विरघळणारं जटिल संयुग बनतं. तिसऱ्या नळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि नीट पाहा. बुडबुडे आले तर तुमच्यासमोर कार्बोनेट आहे.

कार्बोनेट तिसऱ्या गणात आलं कसं? अमोनिअम हायड्रॉक्साइडच्या बाटलीतून. ही बाटली वर्षभर उघडझाप होत राहते, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मुरतो आणि अमोनिअम कार्बोनेट तयार होतं. पाचव्या गणाचं रसायन तुम्ही नकळत तिसऱ्यातच घातलेलं असतं आणि कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम किंवा बेरिअम दोन गण आधीच खाली येतं. बाटली तपासायला सोपी आहे: कॅल्शिअम क्लोराइडच्या स्वच्छ द्रावणात तिचे थोडे थेंब टाका. गढूळ झालं तर ती बाटली या कामासाठी संपली. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचंही हेच. शिवाय ते काच खातं, त्यातून सिलिकेट द्रावणात उतरतं, आणि अमोनिअम क्लोराइड घातल्यावर सिलिसिक आम्लाचा एक विरळ, जेलीसारखा थर दिसतो. तो हुबेहूब ॲल्युमिनिअमसारखा असतो. कोरी नळी नसेल तर तो ओळखायला दुसरा मार्ग नाही. म्हणून सोडिअम हायड्रॉक्साइड प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावं.

दुसऱ्या गणात घातलेला हायड्रोजन सल्फाइड पुरता उकळून काढला नसेल, तर अमोनिया पडताच चौथा गण तिसऱ्यातच उतरतो: कोबाल्ट आणि निकेल काळे, मॅंगनीज फिकट गुलाबीसर, जस्त पांढरं. जस्ताचा पांढरा सल्फाइड सगळ्यात फसवा, कारण तो पुन्हा ॲल्युमिनिअमच्या खात्यात जातो. उकळताना नळीच्या तोंडाशी लेड ॲसिटेटने ओला केलेला कागद धरा. तो पांढराच राहिला म्हणजे वायू गेला. नाकावर भिस्त ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू संपला, असं अजिबात नाही. हे काम फ्यूम कपबोर्डमध्येच, म्हणजे वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच.

वायू गेल्यावर संहत नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब घालून उकळायचं. ही पायरी बऱ्याच जणांना निव्वळ रीत वाटते. तिचं कारण असं: दुसऱ्या गणात हायड्रोजन सल्फाइडने सगळ्या फेरिक लोहाचं क्षपण करून फेरस केलेलं असतं. फेरस हायड्रॉक्साइड अमोनिअम क्लोराइडच्या उपस्थितीत पुरतं बसत नाही. थोडंसं मळकट हिरवं दिसतं, बाकीचं फिल्ट्रेटमध्ये (गाळून खाली आलेल्या द्रावणात) निसटतं आणि चौथ्या गणात काळा फेरस सल्फाइड होतं. सुरुवातीला सांगितलेली ती उलटी तक्रार हीच. काळा अवक्षेप थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात चटकन विरघळला तर निकेल-कोबाल्टचा संशय सोडा. त्यांचे सल्फाइड ताजे असतानासुद्धा त्या आम्लात सहजी विरघळत नाहीत.

क्रम इथेही महत्त्वाचा आहे. वायू काढायच्या आधी नायट्रिक आम्ल घातलं तर सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन गंधक सुटतं, आणि काही भाग थेट सल्फेटपर्यंत जातो. नमुन्यात बेरिअम असेल तर ते तिथेच बेरिअम सल्फेट होऊन अडकतं. पाचव्या गणात मग बेरिअम सापडत नाही, आणि शोधणारा कार्बोनेटच्या बाटलीला दोष देत बसतो.

सगळं बरोबर करूनही तिसऱ्या गणात पांढरं येत असेल

मग मूळ क्षारातला ऋणायन, म्हणजे ऋणभारित आयन, पाहा. फॉस्फेट, ऑक्झलेट किंवा फ्लोराइड असेल तर कॅल्शिअम, बेरिअम, स्ट्रॉन्शिअम, मॅग्नेशिअम हे आम्लात शांतपणे विरघळलेले असतात. अमोनियाने आम्ल मारताक्षणी त्यांचे फॉस्फेट वगैरे खाली बसतात. धातूच्या चाचण्या कितीही काटेकोर केल्या तरी यातून सुटका नाही. म्हणून तिसऱ्या गणाला हात घालण्याआधी ऋणायनांची तपासणी पूर्ण झालेली हवी; ती नंतर करू म्हणणं महागात पडतं.

दुसऱ्या गणानंतरच्या फिल्ट्रेटचा थोडा भाग घ्या, संहत नायट्रिक आम्ल आणि अमोनिअम मॉलिब्डेट घालून किंचित कोमट करा. लख्ख पिवळा अवक्षेप म्हणजे फॉस्फेट. मूळ द्रावणावर ही चाचणी केली तर आर्सेनेटही उकळल्यावर असाच पिवळा रंग देतं. दुसऱ्या गणात आर्सेनिक बाहेर गेल्यावर केली तर ती शंका उरत नाही. फॉस्फेट काढायला झिर्कोनिअम नायट्रेट सगळ्यात सोयीचं, कारण झिर्कोनिअम फॉस्फेट आम्लातही विरघळत नाही. ऑक्झलेट असेल तर संहत नायट्रिक आम्लासोबत द्रावण आटवून कोरडं करावं लागतं.

ॲल्युमिनिअमची खात्री आणि लिटमसचा भास

पांढरा अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून निळ्या लिटमसचे थेंब घालायचे आणि मग अमोनिया हळूहळू सोडायचा. निळा अवक्षेप तरंगायला हवा आणि भोवतालचं द्रावण रंगहीन हवं. यातला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. लिटमस जास्त पडलं की सगळं द्रावणच निळं होतं, त्यात निळा अवक्षेप आहे की नाही ते दिसतच नाही, आणि 'निळं आलं' म्हणून होकार दिला जातो. अशा वेळी नळी दहा मिनिटं स्थिर ठेवा किंवा सेंट्रिफ्यूज करा. वरचं द्रावण निळंच राहिलं तर पुरावा मिळालेला नाही.

सोडिअम हायड्रॉक्साइडची साधी चाचणी का फसते

गणांची लांबलचक पद्धत न वापरता थेट सोडिअम हायड्रॉक्साइड आणि अमोनिया यांवर धातू ओळखणाऱ्यांची अडचण वेगळी असते. तांब्याचा निळा, फेरिकचा तांबूस तपकिरी, फेरसचा मळकट हिरवा अवक्षेप दिसायला सोपा. गोंधळ पांढऱ्यांमध्ये होतो: ॲल्युमिनिअम, जस्त, शिसं, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम.

पहिल्या तिघांचा अवक्षेप जास्तीच्या सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो. ड्रॉपर एकदम दाबला तर अवक्षेप येऊन विरघळूनही जातो आणि वहीत 'काही नाही' अशी नोंद होते. याच्या अगदी उलट चूकही तितकीच होते. नमुना भरपूर आम्लात विरघळवलेला असतो, पहिले दहा थेंब आम्ल मारण्यातच खर्ची पडतात, नळी स्वच्छ दिसते आणि काम तिथेच थांबतं. दोन्हींवर उपाय एकच: विरल सोडिअम हायड्रॉक्साइड, एकेक थेंब, प्रत्येक थेंबानंतर हलवणं, आणि मधूनमधून लिटमस लावून पाहणं. लिटमस निळं होऊन काही थेंब जाईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढायचा नाही. पांढऱ्या फिकट अवक्षेपासाठी नळीमागे काळा कागद धरा. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड इतकं पारदर्शक असतं की पांढऱ्या भिंतीसमोर ते दिसतही नाही.

मग अमोनिया. जस्ताचा अवक्षेप जास्तीच्या अमोनियात विरघळतो, ॲल्युमिनिअमचा आणि शिशाचा राहतो. त्या दोघांत निवड करायला मूळ द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड घाला. पिवळा आला तर शिसं. कॅल्शिअम अमोनियाने बसत नाही, आणि सोडिअम हायड्रॉक्साइडनेही द्रावण पुरेसं संहत असेल तरच बसतं. पातळ द्रावणातही कॅल्शिअमचा अवक्षेप ठळक दिसला तर सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये कार्बोनेट मुरलंय असं समजा.

शिसं दोन ठिकाणी सापडतं

लेड क्लोराइड थंड पाण्यात लिटरला सुमारे १० ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३३ ग्रॅमच्या आसपास विरघळतं. म्हणजे पहिल्या गणात शिसं कधीच पुरतं अडकत नाही, आणि द्रावण विरल किंवा गरम असेल तर मुळीच दिसत नाही. नळी थंड पाण्यात धरा, काचकांडीने आतली बाजू घासा, थोडा वेळ द्या. पहिल्या गणात शिसं मिळाल्यावर दुसऱ्यात काळा सल्फाइड आला तर नवा धातू सापडल्याच्या आनंदात राहू नका. ते बहुधा उरलेलं शिसंच असतं. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर आणखी एक अडचण येते: लेड क्लोराइड आणि सिल्व्हर क्लोराइड दोन्ही त्यात जटिल आयन होऊन काही अंशी विरघळतात. उलट संहत बेरिअम द्रावणात तेच आम्ल पडलं तर बेरिअम क्लोराइडचे पांढरे स्फटिक बसतात आणि पहिला गण सापडल्याचा भास होतो. थोडं पाणी घालून हलवा. बेरिअम क्लोराइड लगेच नाहीसं होईल.

खात्रीसाठी लेड आयोडाइडची चाचणी मला सगळ्यात आवडते. पिवळा अवक्षेप भरपूर पाण्यात उकळून विरघळवायचा आणि नळी सावकाश थंड होऊ द्यायची. सोनेरी पापुद्रे चमकत खाली येतात आणि शंकेला जागा राहत नाही. आयोडाइड फार जास्त पडलं तर मात्र अवक्षेप जटिल आयनाच्या रूपात परत विरघळतो, तेव्हा तिथेही हात आखडता ठेवा.

दुसरा गण: आम्ल किती?

हायड्रोजन सल्फाइड सोडताना द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ०.३ मोलर असायला हवं. याहून जास्त झालं की कॅडमिअम आणि शिसं बसायला कुरकुर करतात; कमी झालं की जस्त इथेच पांढरं होऊन बसतं. मेथिल व्हायोलेटचा कागद योग्य आम्लतेला पिवळट हिरवा होतो, आणि आम्ल कमी असेल तर निळा-जांभळा राहतो. अवक्षेप गाळल्यावर फिल्ट्रेट थोडं विरल करून पुन्हा वायू सोडा. याच वेळी पिवळा कॅडमिअम सल्फाइड पहिल्यांदा दिसल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

वायू सोडताच फिकट पिवळसर दूध झालं, आणि ते गाळणकागदातूनही आरपार जातंय? ते गंधक आहे. फेरिक लोह, नायट्रिक आम्ल किंवा डायक्रोमेटसारखा ऑक्सिडीकारक द्रावणात आहे एवढंच ते सांगतं. द्रावणाचा पिवळा रंग जाऊन फिकट हिरवा झाला तर फेरिक होतं, हा त्यातला कामाचा धागा; तो लगेच नोंदवून ठेवा.

फेरस की फेरिक?

हा प्रश्न मूळ द्रावणावरच सोडवावा लागतो. नायट्रिक आम्ल घातल्यानंतर तो विचारण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा सगळं लोह फेरिकच झालेलं असतं.

थायोसायनेट फेरिकसोबत रक्तासारखा लाल रंग देतं आणि ही चाचणी अतिशय संवेदनशील आहे. संवेदनशीलता हीच तिची अडचण. फेरस क्षार हवेत ठेवला की त्याचा थोडा भाग फेरिक होतोच, बाजारी हायड्रोक्लोरिक आम्लातही लोहाचा अंश असतो, त्यामुळे फिकट लाल छटा जवळजवळ नेहमी येते. कोऱ्या नळीशी आणि ओळखीच्या फेरिक द्रावणाशी रंगाची तुलना करा. फेरस तपासायचं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालून क्षार त्याच वेळी विरघळवा; आम्लात ऑक्सिडीकरण मंद होतं, सामू वाढला की झपाट्याने. फ्लोराइड किंवा फॉस्फेट असेल तर ते फेरिकला बांधून ठेवतं आणि लाल रंग येतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

पोटॅशिअम फेरोसायनाइड फेरिकसोबत आणि फेरिसायनाइड फेरससोबत गडद निळा रंग देतं. दोन निळ्यांना दोन नावं असली तरी पदार्थ मुळात एकच आहे, हे आता पक्कं ठरलेलं आहे. फेरिसायनाइडचं द्रावण प्रकाशात बिघडतं आणि त्यात फेरोसायनाइड तयार होतं. असं जुनं द्रावण फेरिकलाही निळं करतं, आणि नमुना फेरस असल्याचं खोटं उत्तर मिळतं. एक छोटा स्फटिक घ्या, पाण्याने खळखळून घ्या आणि द्रावण त्याच दिवशी बनवा. फेरोसायनाइडला तांबे चॉकलेटी आणि जस्त पांढरं उत्तर देतं. नमुन्यात हे धातू आहेत का ते आधी पाहा. यातली कुठलीही चाचणी अल्कलीत करू नका, निळा रंग तिथे मोडतो. तीव्र आम्लासोबत ही रसायनं कधीही तापवू नका. हायड्रोजन सायनाइडचा धोका असतो.

चौथा गण, थोडक्यात

निकेलसाठी डायमिथिल ग्लायॉक्झिम वापरण्याची पद्धत रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगायेव यांनी १९०५ मध्ये दिली आणि ती आजही पहिली निवड आहे. गुलाबी-लाल अवक्षेप अमोनियाच्या द्रावणातच येतो. आम्लात येत नाही, आणि न येण्याचं नेहमीचं कारण हेच. फेरस लोहही लाल रंग देतं, पण तो द्रावणातच राहतो, खाली बसत नाही. कोबाल्ट भरपूर असेल तर ते रसायन स्वतःच खाऊन टाकतं, तेव्हा आणखी घाला. कोबाल्टच्या थायोसायनेट चाचणीत लोहाचा लाल रंग निळ्याला झाकतो. चिमूटभर सोडिअम फ्लोराइड घाला, लाल जाईल आणि वरून घातलेल्या ॲमिल अल्कोहोलच्या थरात निळा दिसेल. मॅंगनीजची जांभळी चाचणी सोडिअम बिस्मथेट आणि नायट्रिक आम्लाने करताना क्लोराइड शिल्लक ठेवू नका, आणि नमुना अगदी थोडा घ्या. मॅंगनीज जास्त असलं की जांभळ्याऐवजी तपकिरी गाळ मिळतो.

पाचवा गण आणि क्रम

अमोनिअम कार्बोनेट घालून द्रावण कोमट करा, साधारण ६० अंशांपर्यंत. उकळलं तर कार्बोनेटच विघटित होऊन उडून जातं. अवक्षेप ॲसेटिक आम्लात विरघळवल्यावर क्रोमेटने बेरिअम, मग सल्फेटने स्ट्रॉन्शिअम, शेवटी ऑक्झलेटने कॅल्शिअम. ऑक्झलेट तिघांनाही बसवतं, म्हणून ते आधी वापरलं की प्रत्येक नमुन्यात कॅल्शिअम निघतं. ॲसेटिक आम्लात स्ट्रॉन्शिअम क्रोमेट विरघळलेलं राहतं, बेरिअम क्रोमेट नाही; ते आम्लच पडलं नाही तर ही निवड होत नाही.

काहीच सापडत नाही तेव्हा

सगळे गण रिकामे गेले, तर तीन जागा पाहायच्या राहतात. पहिली अमोनिअम. ते मूळ क्षारातच तपासायला हवं, कारण तिसऱ्या गणापासून आपणच अमोनिअम ओततो. क्षार सोडिअम हायड्रॉक्साइडसोबत तापवून वायू ओल्या तांबड्या लिटमसवर घ्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ नेसलर यांनी १८५६ मध्ये दिलेलं रसायन वापरलं तर तपकिरी रंग येतो. लिटमस नळीच्या काचेला टेकू देऊ नका, उडालेला अल्कलीचा थेंबही त्याला निळं करतो.

दुसरी मॅग्नेशिअम. पाचव्या गणाच्या फिल्ट्रेटमध्ये अमोनिया आणि डायसोडिअम हायड्रोजन फॉस्फेट घातल्यावर पांढरा स्फटिकी अवक्षेप यायला वेळ लागतो. काचकांडीने आतली काच घासा आणि थांबा. कॅल्शिअम पुरतं गेलेलं नसेल तर त्याचा फॉस्फेटही इथे पांढरा बसतो, म्हणून आधी फिल्ट्रेटच्या वेगळ्या थोड्या भागात अमोनिअम ऑक्झलेटचे दोन थेंब टाकून तो स्वच्छ राहतो का ते पाहा.

तिसरी पोटॅशिअम. ज्योतीत सोडिअमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा इतका प्रखर असतो की बोटाच्या घामातला अंशही जांभळट रंग झाकतो. नमुना ज्योतीत धरायची तार आधी संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योत रंगहीन होईपर्यंत तापवा, मग कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहा. सोडिअम कोबाल्टिनायट्राइटचा पिवळा अवक्षेपही वापरता येतो, पण अमोनिअमसुद्धा नेमका तसाच पिवळा देतं. त्यासाठी मूळ क्षाराचा वेगळा भाग घेऊन सोडिअम हायड्रॉक्साइडसोबत लिटमस निळं होणं थांबेपर्यंत उकळा, गार करा, ॲसेटिक आम्लाने किंचित आम्ल करा आणि मगच कोबाल्टिनायट्राइट घाला. आता आलेला पिवळा पोटॅशिअमचाच.